मढ नावाचा परगणा

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला २७१ नंबरच्या बसची रांग एकदा बघावी. शेजारच्या रांगांतली माणसं फोनमध्ये डोकं घालून उभी असतात. ही रांग सामान मोजत असते. कुणाच्या पायाशी कांद्याची गोणी, कुणाच्या खांद्यावर नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं, कुणी दुरुस्त करून आणलेलं मिक्सरचं भांडं पोटाशी धरलेलं, कुणाच्या हातात पाचवीच्या पुस्तकांचा अख्खा संच. बस आली की आधी सामान चढतं, मग माणसं, आणि सगळ्यात शेवटी तो एक पाहुणा, ज्याला मढ म्हणजे अर्ध्या तासाचं काम वाटलेलं असतं. त्यानं "किती वेळ लागेल हो?" असं विचारावं आणि कंडक्टरनं "आधी बसा तर" म्हणावं, हा या मार्गाचा शिरस्ता आहे. बसायला जागा नसते ही गोष्ट वेगळी.

मालवणीपर्यंत बस रिक्षावाल्यांच्या मर्जीनं सरकते. मार्वे आलं, की नौदलाच्या 'आयएनएस हमला'चा परिसर लागतो, आणि त्यानंतर मुंबई हळूच हात सोडून देते. ताड दिसतात, खारफुटी दिसते, रस्ता एवढा अरुंद होतो की समोरून दुसरी २७१ आली तर दोन्ही ड्रायव्हर खिडकीतून एकमेकांची खुशाली विचारूनच पुढे जातात. अक्सा, भाटी, एरंगळ. खिडकीतून येणारा वास बदलत जातो: आधी डिझेल, मग चिखल, मग बोंबील. बोंबील आले की पिशव्या आवराव्या.

मढचा भूगोल शाळेत शिकवत नाहीत हे बरंच आहे, पोरं नापास झाली असती. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मालाडची खाडी, उत्तरेला मनोरीची खाडी, दक्षिणेला खाडीचं तोंड आणि पलीकडे वेसावं, म्हणजेच वर्सोवा. एवढं ऐकून कुणीही म्हणेल की हे बेट. सगळे 'मढ आयलंड'च म्हणतात. पण ज्या बेटावर बेस्टची बस पाण्याला न शिवता जाते, त्याला बेट म्हणायला छाती लागते. साष्टीच्या पश्चिम अंगाला अशी लहानमोठी बेटं होती खरी. खाड्या गाळानं भरल्या, बांध पडले, रस्ते झाले, आणि बेटं जमिनीला चिकटली. जाहिरातवाल्यांनी मात्र बेट सोडलं नाही. 'मालाड पश्चिम' असं लिहून बंगल्याला तेवढं भाडं येत नाही.

त्याहून मजा सरकारी नकाशाची. महापालिकेच्या लेखी मढ पी-उत्तर विभागात आणि समोरचं वेसावं के-पश्चिम विभागात. लोकसभेला मढकर उत्तर मुंबईचा खासदार निवडतात, वेसावकर वायव्य मुंबईचा. एका काठावरून दुसऱ्या काठावर हाक मारली तर ती दोन मतदारसंघांतून जाते. खरं काय ते फक्त पोस्ट खात्याला ठाऊक आहे. त्यानं दोन्ही गावांना एकच पिनकोड दिला: ४०० ०६१.

लग्नसंबंध पोस्टाच्या नकाशाप्रमाणे जुळतात, पालिकेच्या नाही. मढची मुलगी वेसाव्यात दिली, की माहेरच्या ओटीवरचा दिवा सासरच्या गच्चीवरून दिसतो. उन्हाळ्यात होडीनं पाच मिनिटं. पावसाळ्यात फेरीबोट बंद, आणि मग त्याच दिव्याखाली जाऊन बसायला वेसावं, अंधेरी, लिंक रोड, मालाड, मालवणी, मार्वे असा वीस-बावीस किलोमीटरचा वळसा. त्यामुळे इकडच्या सुना जून ते ऑगस्टच्या दरम्यान रागावून माहेरी जात नाहीत. राग जपून ठेवतात आणि फेरी सुरू झाली की पहिल्या बोटीनं घेऊन जातात. तोवर कशावरून भांडलो तेच सासूच्या लक्षात नसतं. अनेक संसार या खाडीनं वाचवले असतील, पण त्याची नोंद कुठल्याच विभागात नाही.

आता गंमत अशी, की माझ्या पिढीच्या उपनगरी मराठी माणसाला मढ माहीत नसलं तरी रशियातलं खेडं तोंडपाठ होतं. मॉस्कोत छापलेली, अनिल हवालदारांसारख्यांनी मराठीत आणलेली जाडजूड पुस्तकं वडापावच्या भावात घरी यायची. 'सोव्हिएत देश'चा गुळगुळीत कागद तर वह्यांना कव्हर घालायलाच छापतात अशी आमची समजूत होती. वहीवर सामुदायिक शेतीवरची ट्रॅक्टर चालवणारी बाई हसतेय आणि आत सह्याद्रीची उंची चुकलेली. बर्चची झाडं, समोवार, बर्फात वाट चुकलेली घोडागाडी, पलीकडे न्यायला नावाडीच येत नाही म्हणून काठावर ताटकळलेला सरकारी कारकून, हे सगळं आम्ही गोरेगावच्या दीड खोलीत बसून अनुभवलं होतं. नाव उच्चारता आलं नाही तरी चालायचं. एका कादंबरीतली नऊ माणसं निघाली शेवटी तीनच; प्रत्येकाला तीन नावं होती.

आणि दीड तासावरचं मढ? तिथं 'कुणीतरी पिकनिकला गेलं होतं' एवढीच माहिती.

अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहणारे. ते १९६१ साली रशिया पाहून आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. स्तालिनग्राडचा पोवाडा त्यांनी त्याच्या कितीतरी आधी रचला होता, तिथं पाऊलही न ठेवता. २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोमध्ये त्यांचा पुतळाही बसला. म्हणजे घाटकोपर ते मॉस्को हा मार्ग पक्का आहे. घाटकोपर ते मढ हा मार्ग तेवढा अवघड. २०१४ पासून घाटकोपरहून थेट वर्सोव्याला मेट्रो आहे म्हणून माणूस खुशीत निघतो आणि 'वर्सोवा' स्थानकावर उतरून समुद्र शोधतो. समुद्र नसतो. वेसावं गावही नसतं. ते तिथून रिक्षाच्या अंतरावर, आणि धक्का गावाच्याही टोकाला. वेसाव्याच्या वाट्याला हे नेहमीच आलं आहे. मेट्रोचं वर्सोवा वेसाव्यात नाही, आणि ज्याला इतिहासात वेसाव्याचा किल्ला म्हणतात तोही वेसाव्यात नाही. तो आहे मढला.

किल्ल्याकडे येऊच. पण रशियाचा विषय निघालाच आहे, तर उलट दिशेनं आलेला माणूस आधी आठवतो. अफनासी निकितिन हा व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. नदीनं खाली येताना लुटला गेला. रिकाम्या हातानं घरी जायची लाज वाटली म्हणून पुढे पुढे जात राहिला: कास्पियन समुद्र, इराण, होर्मुझ. तिथं त्यानं कुठूनसं ऐकलं की हिंदुस्थानात घोड्याला फार भाव आहे. घोडा घेतला, गलबतात घातला आणि १४६९ साली आपल्या चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला येण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. चौलहून जुन्नर. जुन्नरच्या खानानं घोडा बघितला आणि ठेवून घेतला. धर्म बदलशील तर घोडाही देतो आणि वर मोहराही देतो, अशी ऑफर. एका भल्या खुरासानी माणसाच्या मध्यस्थीनं घोडा आणि धर्म दोन्ही सुटले. पुढे बिदरला तो घोडा एकदाचा विकला गेला. सगळा हिशेब मांडून निकितिननं लिहून ठेवलंय, की धंदा म्हणून या देशात येण्यात काही अर्थ नाही. मराठी मुलखात घोड्याचा व्यवसाय करायला आलेल्या परप्रांतीयाचा हा पहिला तक्रार-अर्ज असावा.

दोन गोष्टींनी तो चक्रावला. एक म्हणजे गोरा माणूस दिसला की गर्दी मागे लागते. दुसरी म्हणजे पाऊस. चार महिने, रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. व्होल्गाकाठच्या माणसाला चिखल काही नवा नाही; बर्फ वितळला की त्यांच्याकडे अख्खे जिल्हे चिखलात बसतात. अशा माणसानं आपल्या चिखलाची खास नोंद घ्यावी, म्हणजे आपला माल किती कसदार. मालवणीच्या पुढचा रस्ता जुलैत बघितला, की त्याचं म्हणणं पटतं.

निकितिन बिचारा परतीच्या वाटेवर, गाव जवळ आलेलं असताना, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियन दिग्दर्शक प्रोनिन यांनी मिळून त्याच्यावर 'परदेसी' हा सिनेमा काढला. त्यात नर्गिस होती, बलराज साहनी होते. तो आला १९५७ साली. त्याच वर्षी मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी ओलांडून दहिसरपर्यंत गेली आणि मालाडबरोबर मढही मुंबई झालं. परदेसी कोण ठरला हे ज्यानं त्यानं बघावं.

पण गलबतात घोडा घालायची त्याची पद्धत वेसाव्याच्या धक्क्यावर अजून शाबूत आहे. फक्त घोड्याच्या जागी स्कूटर. बोट लाकडी, इंजिनाची, मधोमध सपाट. धक्का ते बोट एक फळी. भरती असेल तर फळी आडवी, ओहोटी असेल तर तिला घसरगुंडीचा उतार. पुढे मालक हँडल धरून उलटा चालतोय, मागे खलाशी दोन्ही हातांनी गाडी मागे खेचून धरतोय, आणि बाजूला उभे असलेले सगळे गाडी चालवतायत. "दादूस, न्यूट्रलला टाक!" "ब्रेक सोड!" "ब्रेक धर!" मालक घामाघूम. पंधरा-वीस सेकंदांत गाडी आत जाते आणि खलाशी तिला दोन दुसऱ्या गाड्यांच्या मध्ये अशी बसवतो, की उतरताना तिसरीची आधी परवानगी लागते. मग मालक रुमालानं सीट पुसतो. सीट कोरडीच असते. काहीतरी पुसावं लागतं.

बोटीत कोण नसतं? बाजार उरकून निघालेली कोळीण असते, तिची रिकामी पाटी उलटी करून तिच्यावर बसलेली. लिंक रोडवर नोकरी करणारी तिची नात असते, कानात यंत्र घालून आजीपासून मुद्दाम दोन हात लांब. पाठीवर चौकोनी खोकं लावलेला जेवण पोचवणारा मुलगा असतो. त्याच्या फोनमध्ये गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर दिसतं म्हणून तो ऑर्डर घेऊन बसला. घेतल्यावर फोननं रस्ता दाखवला तो मालाडवरून. ॲपच्या नकाशात बोट बसत नाही. बिर्याणी मांडीवर घेऊन तो गिऱ्हाइकाला समजावतो, "सर, मी पाण्यात आहे." पलीकडून काय उत्तर येतं ते ऐकू येत नाही, पण चेहऱ्यावरून कळतं.

आणि हमखास असतात ती इस्त्रीच्या कपड्यांचे हँगर उंच धरलेली माणसं. ती शूटिंगची. मढला येणाऱ्या बोटीत आणि बसमध्ये खाकी वर्दीतला माणूस दिसला, तर सरळ उठून जागा देण्याची पद्धत नाही. आधी चौकशी होते. एकदा माझ्यासमोर खलाशानं एका भारदस्त, पोट सुटलेल्या फौजदाराला विचारलं, "साहेब, खरे की शूटिंगचे?"

"शूटिंगचा."

"मग जरा फळी धरा."

त्यानं फळी धरली. छातीवरच्या पट्टीवर 'शिंदे' लिहिलेलं होतं आणि नातीच्या वयाच्या मुली त्याला "शिंदेसाहेब, सांभाळून" म्हणत उतरत होत्या. त्याचं खरं नाव काहीतरी वेगळंच असणार.

तर किल्ला. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी तो बांधला तो खाडीच्या तोंडावर नजर ठेवायला. जागा अशी निवडली, की वेसाव्यात कुठली होडी शिरली आणि कुठली निघाली हे वरून दिसावं. हल्ली हेच काम सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असतं. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. त्याच साली मेमध्ये वसई पडली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहानं तिच्यावर शिक्का बसला, आणि मढचा राजकीय इतिहास इथं संपतो. आज किल्ला हवाई दलाकडे आहे. आत जायचं नाही. बाहेरून तट धडधाकट, आत बराचसा पोकळ. शेजारी किल्लेश्वराचं देऊळ आहे, तिथं मात्र कुणालाही जाता येतं, त्यामुळे किल्ला बघायला आलेला माणूस नाइलाजानं का होईना, पुण्य पदरात पाडून परततो.

खरा किल्ला बंद म्हटल्यावर सिनेमावाल्यांनी प्लायवूडचे उभे केले. मढ-मार्वेच्या पट्ट्यात किती राजवाडे, कोर्टं, पोलीस चौक्या, हॉस्पिटलं उभी राहिली आणि पुढच्या आठवड्यात ट्रकमधून गेली, त्याला गणती नाही. काही उभी राहिली ती जायचं नावच घेईनात. २०२३ साली महापालिकेनं तिथले बेकायदा स्टुडिओ पाडले, तेव्हा बघ्यांना हेही शूटिंगच वाटलं असेल. पाडणाऱ्यांच्या हेल्मेटकडे बघून कुणीतरी 'पॅकअप कधी?' असं नक्की विचारलं असणार.

बंगले मात्र खरे आहेत. आणि मालिकांचा सगळा डोलारा त्यांच्या जिन्यांवर उभा आहे. सकाळच्या शिफ्टला ज्या जिन्यावरून सून घरातून हाकलली जाते, त्याच जिन्यावरून संध्याकाळच्या शिफ्टला, दुसऱ्या वाहिनीवर, दुसरी सून वाजतगाजत वर येते. मध्ये फक्त गणपतीची मूर्ती डावीकडून उजवीकडे होते आणि पडदे बदलतात. आमच्या शेजारच्या काकू जिन्याच्या कठड्यावरून बंगला ओळखतात. "हा तोच. इथून मागच्या वर्षी तो डॉक्टर पडला होता." गुन्हेगारीच्या मालिकांनी तर एरंगळच्या वाळूत एवढी प्रेतं शोधून काढली आहेत, की ती सगळी खरी असती तर गावात मतदार उरले नसते.

मढच्या लोकांना याचं काडीचं अप्रूप नाही. मालिकेचा पुढचा भाग काय हे अख्ख्या महाराष्ट्राला रात्री साडेआठला कळतं. भाटीच्या टपरीवर ते तीन दिवस आधी माहीत असतं. "ती नाही मरायची," वडे तळता तळता टपरीवाला सांगतो. "मंगळवारी जाळली तिला, बुधवारी इथं मिसळ खाऊन गेली."

चेकॉव्हच्या गोष्टींत शहरातली माणसं उन्हाळ्यात गावाकडच्या डाचात राहायला जातात, कंटाळतात, चहा पितात, प्रेमात पडतात आणि परततात. पुढे सोव्हिएत राज्यात डाचा सामान्य माणसालाही मिळू लागला. सहाशे चौरस मीटरचा तुकडा. त्यात त्यानं बटाटे लावले, काकड्या लावल्या, आणि शनिवार-रविवार कंबर मोडेपर्यंत खुरपत बसला. मढचे शनिवार-रविवारवाले याच्या नेमके उलट. त्यांनी जमिनीत पोहण्याचे तलाव लावले. समोर अख्खा अरबी समुद्र असताना माणसं त्याच्याकडे पाठ करून क्लोरीनच्या पाण्यात डुंबतात आणि तलावाच्या काठावरून समुद्राचा फोटो काढतात. बंगला भाड्यानं घेतलेल्या पार्टीला पहिल्या तासाभरात कळतं, की समुद्र दिसण्याचे पैसे भाड्यात धरलेत आणि समुद्राचा वास फुकट आहे. मग राखणदाराला हाक जाते.

"अरे, हा वास कसला?"

"म्हावरं सुकतंय, शेठ."

"किती वेळ चालेल?"

राखणदार काय सांगणार? गाव आहे तोवर.

कारण मढचं खरं काम दर्याचं. वेसाव्याप्रमाणेच इथंही डोलीच्या जाळ्यांची मासेमारी: भरती-ओहोटीच्या प्रवाहात जाळं रोवून ठेवायचं आणि प्रवाहाबरोबर येईल तो बोंबील, जवळा, कोलंबी घ्यायची. म्हणजे मढच्या कोळ्याचं घड्याळ चंद्रावर चालतं. तिथली माणसं पहाटे तीनला जागी का असतात आणि सकाळी अकराला गाढ झोपलेली का असतात, हे बंगलेवाल्यांना अजून उमगलेलं नाही. १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी, होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली. नारळी पुनवेला नारळ वाहायचा आणि दर्याला मोकळं करायचं. नोव्हेंबरात बांबूच्या चौकटींवर बोंबील जोडीजोडीनं, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून, वाळत घातलेले दिसतात. जवळ जाऊन बघितले तर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मालाडच्या बसमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्या माणसाचा भाव असतो.

एरंगळला सेंट बोनाव्हेंचरचं चर्च आहे, समुद्राला अगदी खेटून, १५७५ सालचं. म्हणजे मढच्या किल्ल्याहूनही जुनं. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथं जत्रा भरते. ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळी तर येतातच, पण कोळी येतात, मालाडचे येतात, मार्वेचे येतात. कुणी नवस फेडायला, कुणी पोहायला, कुणी नुसतं इतके लोक का आलेत ते बघायला. त्या दिवशी २७१ मध्ये पाय ठेवायला मिळाला तर तोच नवस फेडला असं समजावं. वाळूत बसून लोक डबे उघडतात आणि बॉटल मसाल्याचा वास असा सुटतो, की शेजारच्या चटईवरचा शाकाहारी माणूस देवाकडे काहीतरी भलतंच मागून बसतो.

अक्साबद्दल थोडंच. तिथला किनारा दिसायला जितका सोपा तितका वाईट. भरती-ओहोटीला वाळूखालची जमीन सरकते, पाण्याला ओढ आहे, आणि दर काही पावलांवर तसा फलक आहे. त्या फलकाला टेकून सेल्फी काढणारे लोक आहेत. जीवरक्षक शिट्टी फुंकून फुंकून त्यांना बाहेर काढतात आणि ते बाहेर येऊन म्हणतात, "आम्ही मुंबईचेच आहोत." या वाक्याचा मढमध्ये काही उपयोग नाही. इथले लोक स्वतः अंधेरीला निघाले तरी 'मुंबईला चाललो' म्हणतात.

आता पूल होणार आहे. मढ ते वेसावं, दोनेक किलोमीटरचा, खाडीवरून. कागदावर तो फार वर्षांपासून होता. हल्ली तो कागदावरून थोडा हललाय. खारफुटीचा प्रश्न, कोर्ट, परवानग्या, कोळ्यांच्या होड्या खालून जातील की नाही, खांब नेमके कुठं येणार, हे सगळं यथासांग चालू आहे. दीड तासाचं अंतर मिनिटांवर येईल, असं जाहिरातीत म्हणतात. बंगल्यांचे भाव पूल व्हायच्या आधीच पलीकडे पोचलेत. आणि फेरीबोटीत पुलाशिवाय दुसरा विषय नाही.

मागे असाच बोटीत होतो. पाण्याचं माप घेणारी कसलीशी यंत्रं लावलेली एक नौका खाडीत उभी होती, त्यावरून वाद पेटला. एक तरुण स्कूटरवाला म्हणाला, पूल झाला की सकाळी अर्धा तास जास्त झोपता येईल. खलाशी म्हणाला, मला तर दिवसभर झोपता येईल, काळजी नको. हँगरवाल्यानं विचारलं, पुलावर शूटिंगला परवानगी मिळेल का. पाटीवर बसलेली मावशी इतका वेळ गप्प होती. तिनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"पुलावरून बस येणार काय?"

"येणार की, मावशी. थेट अंधेरीपर्यंत."

"साधी की एसी?"

"हल्ली सगळ्या एसीच असतात."

"मग पाटी घेऊन चढू देतील काय?"

यावर कुणीच काही बोलेना. हँगरवाल्यानं कपडे वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला धरले. शेवटी स्कूटरवाला म्हणाला, "पाटीला झाकण लावलंत तर देतील."

"झाकण लावून बोंबील गप बसतो काय रे?" मावशी म्हणाली आणि खलाशाकडे वळली. "तू नको झोपूस. मी आहे तोवर बोट चालू ठेव."

"एकटीसाठी?"

"एकटी कशाला? बस मढला पोचेपर्यंत हे सगळे खिडकी उघडायला सांगतील. एसीची खिडकी उघडते काय? उतरतील आणि येतील परत."

बोट धक्क्याला लागली. फळी पडली. ओहोटी होती, त्यामुळे आता ब्रेक धरायचा की सोडायचा यावर नवा वाद सुरू झाला.